खरे सहा

गुलाबराव हेडाऊंवर मी जितकी चिडले तितकी माझ्या नवऱ्यावरही कधी चिडले नाही, आणि नवऱ्यावर चिडायला मला निमित्त लागत नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा आला आणि दोघा नवराबायकोला आपल्याकडे भोपाळला घेऊन गेला. तेव्हापासून आमच्या वाचनालयाच्या फाटकाजवळचा फळा कोरा आहे. कार्यक्रम होतात, त्यांची रंगीत निमंत्रणं मोबाइलवर फिरतात, वेळ अगदी बिनचूक असते. आणि मला अजूनही घरातून कधी निघावं ते कळत नाही.

आमचं ले-आउट, म्हणजे आमची वसाहत, नागपूरच्या काठावर, काटोल रोडच्या अंगाला. शहरातल्या मोठ्या नाट्यगृहात नाटक पाहायला जायचं तर दीड तास जाण्यायेण्यातच जातो, म्हणून आम्ही आमच्यापुरती सोय करून घेतली. एक वाचनालय, त्याच्या मागे शंभरेक लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मावतील एवढं सभागृह, आणि पुढे गुडघाभर उंचीचा रंगमंच. महिन्यातून एखादा लेखक गप्पा मारायला येतो, एखादी एकांकिका होते. तिकडे कळमेश्वरला, काटोलला, कन्हानला हौशी मंडळी असतातच, त्यांचंही काही ना काही चालू असतं. हे सगळं कुठे आणि कधी आहे ते लोकांना सांगायचं काम गुलाबरावांनी अंगावर घेतलं होतं. त्यांना ते कोणी दिलं नव्हतं. ते वाचनालयाच्या समितीत नव्हते, सभासदही नव्हते. सभासद त्यांची बायको होती.

दर रविवारी सकाळी ते फळ्यापुढे उभे राहायचे. पांढरा शर्ट, इस्त्रीचा पायजमा, गळ्यात दुपट्टा. हातात स्टीलची वाटी, वाटीत पाणी. खडू पाण्यात बुडवून लिहायचे, म्हणजे अक्षर ठसठशीत येतं आणि आठवडाभर पुसत नाही. वर मोठ्या अक्षरात 'येत्या पंधरवड्यात', त्याखाली दोन रेघा, आणि मग एकेक कार्यक्रम. गुरुवारी त्यांची जुनी मोपेड घेऊन ते गावोगाव हिंडून यायचे आणि चहाच्या टपऱ्यांवरून बातम्या गोळा करायचे. नोकरीतही त्यांनी हेच केलं होतं म्हणे. काटोलच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत तीस वर्षं बसले. कोणी विचारलं, 'बस केव्हा येते?' तर ते सांगायचे, 'येऊन राहिली.' बस निघालेलीसुद्धा नसायची. पण माणूस थांबायचा, चहा प्यायचा, आणि शेवटी बस यायचीच.

आमची पहिली भेट भांडणानंच झाली. आम्ही नुकतेच इथे राहायला आलो होतो. फळ्यावर वाचलं : नाटक, सायंकाळी साडेपाच. मी वेळेची पक्की. सव्वापाचला जाऊन बसले. सभागृहात दोन कुत्री आणि पडदा बांधणारा एक माणूस. पडदा उघडला पावणेसातला. माझं डोकं असं सटकलं की नाटक कशावर होतं तेही मला आठवत नाही. पुढच्या रविवारी मी फळ्याशी जाऊन उभी राहिले.

"काका, तुम्ही साडेपाच लिहिलं होतं."

"हो जी. साडेसहाचं होतं नाटक."

"मग साडेपाच काहून लिहिलं?" रागात माझ्या तोंडून नागपुरीच निघते.

त्यांनी खडू वाटीत ठेवला. "मॅडम, तुम्ही नवीन दिसता. साडेसहा लिहिलं तं लोकं साडेसातले येते. साडेपाच लिहिलं का बरोबर साडेसहाले येते. झालं का नाही काम?"

"आणि जो साडेपाचला येतो त्यानं काय करायचं?"

"असं कोणी येत नाही इथं." मग त्यांना माझी जरा कीव आली असावी. "आता तुम्ही आल्या म्हणा. पुढच्या बारी नाही येणार."

मी शाळेत गणित शिकवते. तेव्हाही शिकवत होते. मी त्यांना तिथेच, फाटकात उभं राहून, पायरी पायरीनं समजावलं. तुम्ही तासभर आधीची वेळ लिहिता हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. म्हणून सगळे तासभर उशिरा येतात. ते उशिरा येतात म्हणून तुम्ही आधीची लिहिता. मग तुम्ही एकदा खरी वेळ लिहिली तर हा घोळ संपेल की नाही? गुलाबरावांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"ते तं बरोबर हाय," ते म्हणाले. "पण मॅडम, पयले कोण थांबीन? मी का लोकं?"

याचं उत्तर गणितात नसतं.

मग मीही शिकले. साऱ्या ले-आउटनं केलेला हिशेब मीही करू लागले : फळ्यावरची वेळ अधिक एक तास. पाहुणे आले की आम्ही त्यांना हे शिकवायचो. आमच्या शेजारच्या घरी नवं लग्न होऊन आलेल्या सुनेला सासूनं दुधाचा रतीब, कचऱ्याची गाडी आणि गुलाबरावांचा फळा या तीन गोष्टी पहिल्या दिवशी समजावून दिल्या. पुढे मोबाइल आले, ग्रुप निघाला, आणि पोट्ट्यांनी त्यावर खऱ्या वेळा टाकायला सुरुवात केली. त्यानं गोंधळ वाढलाच. ग्रुपवर 'सहा वाजता' असं आलं की खाली वीस जण विचारायचे, 'हे मोबाइलचे सहा की फळ्याचे सहा?' यावर कोणीतरी अंगठा दाखवायचं. तो अंगठा कशाचा, ते कोणालाच कळत नसे.

हा माणूस खोटारडा होता असं मात्र म्हणवत नाही. त्यांच्या जिवाला एकच घोर होता, रिकाम्या खुर्च्यांचा. तरुणपणी काटोलला एका एकांकिकेत त्यांनी काम केलं होतं. मोठा मांडव घातला होता, आणि पाहायला सात माणसं आली. "सात, मॅडम. त्यातले दोघं माइकवाले." त्यांनी हे मला वाचनालयाच्या पायरीवर चहा पिताना सांगितलं आणि बशीतला चहा तसाच राहिला. "मी वाक्य बोलो नं, का ते मांडवात जाऊन आपटे आन् वापस माह्यावर ये. त्या दिवसापासून मी तोंडाले रंग लावला नाही. आपल्याइथं आलेल्या माणसावर अशी पाळी येऊ देईन नाही मी." म्हणजे येऊ देणार नाही. तेवढ्यासाठी ते वाट्टेल ते करायला तयार असत.

एकदा पुण्याकडचे एक वयस्क लेखक आले. आमच्या समितीतल्या कोण्या भैताडानं त्यांना फळ्याचाच फोटो काढून पाठवला होता. फळ्यावर पाच. गृहस्थ पाचला दहा कमी असताना गाडीतून उतरले, धोतर नीट केलं आणि आत येऊन पाहतात तर शंभर लाल खुर्च्या आणि एक गुलाबराव. मी माझी छत्री विसरले होते, ती न्यायला आले होते, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. गुलाबराव जराही गडबडले नाहीत.

"सर, तुमच्यासाठी लोकं तयार होऊन राहिले," ते म्हणाले, आणि त्यांना कोपऱ्यावर नेऊन तर्रीपोहे खाऊ घातले. लेखकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसून होत नाही तो त्यांना मोपेडवर मागे बसवलं आणि संत्र्याची बाग दाखवायला नेलं. सव्वासहाला परत आणलं तेव्हा सभागृह गच्च होतं. लेखकांच्या केसांत धूळ, दोन्ही खिशांत संत्री. ते बोलायला उभे राहिले, आपल्या कादंबरीचं नाव घेतलं आणि मग चाळीस मिनिटं संत्र्यांवर बोलले. टाळ्या कडकडून पडल्या. त्या कादंबरीत काय आहे ते आमच्यापैकी कोणालाही आजतागायत माहीत नाही.

कन्हानचं प्रकरण तर मला अजून उलगडलेलं नाही. फळ्यावर एवढंच होतं : 'शनिवार, कन्हान, नाटक. आपल्या लोकांनी जरूर जावे.' तारीख नाही. का नाही म्हणून विचारलं तर म्हणाले, "तारीख लिहिली का लोकायले त्या दिवशी लग्न निघते." आम्ही अकरा जण एक गाडी करून गेलो, गुलाबराव पुढे ड्रायव्हरजवळ. शाळेच्या एका खोलीत दिवे दिसले. आत शिरलो तर नाटकवाले आमच्याकडे बघतात आणि आम्ही त्यांच्याकडे. नाटक पुढच्या शनिवारी होतं. ही तालीम होती.

मला हसावं की रडावं कळेना. दिग्दर्शक खाणीत कामाला होता आणि ड्यूटीच्या कपड्यांवरच आला होता. तो बिचारा ओशाळून म्हणाला, "आमचं अजून पाठ नाही झालं जी." गुलाबराव पुढे झाले. "आम्ही तालीमच पाहाले आलो," ते म्हणाले. "नाटक काय, सगळेच पाहते."

आणि त्या लोकांनी आम्हा अकरा जणांसाठी सगळं नाटक केलं. ना पडदा, ना रंग. आईचं काम करणारी बाई मेथीची जुडी निवडता निवडता संवाद म्हणत होती, कारण तिला घरी जाऊन स्वयंपाक करायचा होता. मुलगा घर सोडून निघाला, तेव्हा तिनं मान वर केली नाही. एकेक पान खुडत राहिली. पुढच्या शनिवारी आमच्यातले चौघं पुन्हा गेलो. तेव्हा दिवे होते, माइक होता, आईच्या डोक्याला पांढरा विग होता, आणि तिच्या हातात काहीच नव्हतं. नाटक पडलं. येताना गुलाबराव मागं वळून म्हणाले, "पाहा, मी तुम्हाले बरोबर दिवशी आणलं होतं." हे त्यांना आधीच माहीत होतं, की चूक झाकायला मागून सुचलं? मी त्यांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ते वेगळं बोलले.

आता सुमनताई. त्यांच्याबद्दल आधीच सांगायला हवं होतं, पण गुलाबराव बोलायला लागले की त्या अशाच मागे राहायच्या.

सुमनताई म्हणजे त्यांची बायको. काडीसारखी बाई, सुती पातळ, आणि आवाज इतका हळू की आपण आपोआप पुढे वाकतो. जन्म जुन्या नागपुरातल्या कोष्ट्यांच्या गल्लीत. घरात हातमाग. आठव्या वर्षापासून त्या मागावरच्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत. सुतातून उडणारी कापसाची बारीक कुस छातीत बसली असं डॉक्टर म्हणायचे. सत्तरीनंतर श्वास फार आखूड झाला. रोज संध्याकाळी सात वाजता घरी नाकाला नळी लावून ऑक्सिजनच्या मशीनपाशी बसावं लागे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण छाती अशी असल्यानं डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलत होते. हातभर अंतरावरचा माणूस त्यांना कपड्यांच्या रंगावरून ओळखू यायचा, त्यापलीकडे सगळं धुकं.

डोळे चांगले होते तेव्हा या बाईनं नातवांच्या उरलेल्या वह्यांमध्ये आपली गल्ली लिहून काढली होती. कोणाच्या घरी किती माग, कोणती बाई कोणतं गाणं म्हणायची, एकेक माग कसा बंद पडत गेला. त्या वह्या योगायोगानं माझ्या हाती आल्या. मी दोन रात्री झोपले नाही. समितीशी भांडून, वर्गणी काढून आम्ही त्याचं बारीकसं पुस्तक छापलं आणि लेखकभेटीचा पुढचा कार्यक्रम सुमनताईंचा ठरवला.

"मी काय लेखक हाय का वं?" त्या हसल्या. दोन दिवसांनी मला बोलावून घेतलं. "बोलतो मी. अर्धा घंटा पुरते माह्या जिवाले. सहाले सुरू करा, साडेसहाले संपवा, सातच्या आत घरी. पण एक सांगून ठेवतो, वेळ खोटी लिहाची नाही. माह्या पुस्तकात एक गोष्ट खोटी नाही, मंग वेळ काहून खोटी?"

गुलाबराव दारात उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. संध्याकाळी ते माझ्या घरी आले, पहिल्यांदाच. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मॅडम, तुम्ही हिशेबवाल्या हा. काय करू सांगा. पाच लिहिलं तं घरची बोलत नाही म्हणते. सहा लिहिलं तं..."

आणि मी काय म्हणाले असेन? मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी माझं म्हणणं खरं ठरायची वेळ आली होती. "खरीच लिहा काका," मी म्हणाले. "कोणीतरी आधी थांबायलाच हवं. लोकांवर विश्वास ठेवा." मास्तरणीच्या आवाजात म्हणाले. तो आवाज आठवला की आजही मला माझीच लाज वाटते.

त्यांनी फळ्यावर फक्त एकच कार्यक्रम लिहिला. 'रविवार. ठीक सहा वाजता.' त्याखाली, 'वेळ खरी आहे.' मग 'खरी'खाली रेघ. गुरुवारी पाहिलं तर दोन रेघा. शुक्रवारपासून ते घरोघर जाऊ लागले. फाटकाशी उभं राहायचं, बेल वाजवायची, आणि एवढंच म्हणायचं, "रविवारी या. सहाले. खरे सहा."

लोक हसायचे हो! किराणावाल्यानं डोळा मारला. "समजलं काका. खरे सहा म्हणजे आपले सात."

"नाही बापा. सहा म्हणजे सहा."

"हो हो, सहाच. कोणाले सांगत नाही."

ते जितकं गळ्याची आण घेऊन सांगत, तितकं लोकांना वाटे की या वेळी काकांनी काहीतरी नवीन काढलंय. आमच्या समोरच्या बँकवाल्यांनी तर हिशेब मांडला : गुलाबराव एवढे जोर देताहेत म्हणजे साध्या तासावर भागणार नाही, सव्वासातला निघू. एकाच्याही मनात वाईट नव्हतं. पुस्तक प्रत्येक घरात पोचलं होतं. बायकांनी पातळं काढून ठेवली होती, कोणी हार सांगितला होता. सगळ्यांना यायचं होतं. एकालाही खरं वाटलं नव्हतं.

आणि मी? रविवारी पावणेसहाला मी तयार होऊन बसले होते. नवरा पेपरमधून डोकं न काढता म्हणाला, "गुलाबराव आणि वेळेवर? बस गं, चहा टाक." मला खरी वेळ माहीत होती. ती मीच त्यांना लिहायला लावली होती. तरी मी मनात म्हटलं, आत्ता कोण आलं असणार, उगीच दोन कुत्र्यांबरोबर बसायचं. मी चहा टाकला. मी चहा टाकला, देवा! सभागृहाच्या दारात पोचले तेव्हा सहा वाजून अठरा मिनिटं झाली होती.

आतून सुमनताईंचा आवाज येत होता. त्यांनी बरोबर सहाला सुरू केलं होतं.

मी दारातच थबकले. शंभर लाल खुर्च्यांमध्ये चार माणसं. पुढच्या रांगेत वाचनालयाची बाई, तिची मुलगी आणि कोणाकडे तरी आलेलं एक पाहुणं जोडपं. त्या पाहुण्यांना आमचा हिशेब कोणी शिकवला नसावा. रंगमंचावर सुमनताई खुर्चीत, हातात माइक. आणि गुलाबराव कुठे दिसेनात. तेवढ्यात मागच्या रांगेच्या डाव्या टोकाला कोणीतरी खोकललं. पाहते तर गुलाबराव. मी त्यांच्याकडे जाणार तोच ते उठले, पार कमरेत वाकले, आणि खुर्च्यांच्या आडून चालत उजव्या टोकाला गेले. तिथे बसले. खुर्ची करकरवली. थोड्या वेळानं जाड आवाज काढून म्हणाले, "वा!" मग पुन्हा उठले, वाकले, मधल्या रांगेत आले, आणि तिथे नाक शिंकरलं.

मला काही उमजेना. वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. असे ते चार ठिकाणी बसले, एका ठिकाणी दोन खुर्च्या एकमेकींवर आपटल्या, एका ठिकाणी हळू हसले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. मग त्यांनी मला पाहिलं. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी यापूर्वी कोणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. त्यांनी ओठावर बोट ठेवलं, आणि दुसऱ्या हातानं मला डावीकडची बाजू दाखवली. तिकडे बसा.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाईला धुक्यापलीकडचं दिसत नव्हतं. तिला फक्त ऐकू येत होतं.

मी डावीकडे गेले. बसले. खोकलले. उठले, वाकले, तीन खुर्च्या सोडून पुन्हा बसले. बावन्न वर्षांची बाई मी, शाळेत मुलं मला घाबरतात, आणि मी पदर खोचून खुर्च्यांमागून बदकासारखी चालत होते. ते उजवीकडे 'वा' म्हणाले की मी डावीकडून टाळी वाजवायची.

सुमनताई सांगत होत्या, मागावर धागा तुटला की त्यांची आई तो कसा जोडायची. दोन टोकं बोटात धरायची, जरा थुंकी लावायची, पीळ द्यायची आणि पुन्हा माग सुरू. "नेसणारीले ते कधीच समजत नाही," त्या म्हणाल्या. "माह्या मायले समजे. दुकानात घडी घातलेलं लुगडं हातात घेऊन ते सांगे, इथं तुटला होता." मग श्वास घ्यायला थांबल्या. त्या शांततेत गुलाबरावांनी खुर्ची सरकवली.

सहा सत्तावीसला त्यांनी नमस्कार केला. आम्ही सहा जणांनी किती टाळ्या वाजवाव्यात? माझे तळहात लाल झाले. गुलाबराव तर टाळ्या वाजवत वाजवत मागच्या रांगेतून पुढे धावत आले, म्हणजे एकाच माणसाच्या टाळ्या सगळीकडून आल्या. मग ऑटो आणतो म्हणून ते बाहेर गेले. मी सुमनताईंना हात दिला आणि आम्ही हळूहळू फाटकापाशी आलो. त्यांना धाप लागली होती, पण चेहरा शांत होता.

"किती लोकं होते वं?" त्यांनी विचारलं.

"भरपूर," मी म्हणाले.

त्यांनी श्वास जमवला. "पन्नास वर्षं मी तो खोकला ऐकून राहिली बाई. आंधारात बी वळखतो मी तो. आज तो साऱ्या खुर्च्यायवर बसून आला." माझा हात त्यांनी घट्ट धरला. "आमच्या ह्यायले सांगू नको. लय पळाले ते आज."

मला तिथेच मातीत बसून रडावंसं वाटत होतं.

ऑटो आला, आणि त्याच्या मागोमाग लोक यायला लागले. साडेसहा वाजून गेले होते. आधी किराणावाला, बायकोसकट. मग शेजारची सासू-सून. मग झुंडीच. इस्त्रीचे कपडे, मोगऱ्याचे गजरे, दोघांच्या हातात हार. पाहता पाहता फाटकात गर्दी झाली, आत खुर्च्या सरकायचे आवाज येऊ लागले. सभागृह इतकं भरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मागे उभं राहायलाही जागा उरेना. त्यांना कोणालाच अजून काही कळलं नव्हतं. ते आम्हाला पाहून खूश झाले. आपण वेळेच्या आधी आलो असं त्यांना वाटलं.

"काका, पाहा, लवकर आलो आज!" किराणावाला म्हणाला. "सुरू नाही नं झाला?"

गुलाबराव बायकोला ऑटोत चढवत होते. त्यांनी मागे वळून ते भरलेलं सभागृह पाहिलं. दारातून सगळं दिसत होतं, लाल रंग कुठे दिसतच नव्हता, नुसती माणसं. जन्मभर त्यांनी ज्यासाठी खोटं लिहिलं ते तिथे बसलं होतं. त्यांचे हात थांबले. सुमनताई ऑटोत बसून धापा टाकत होत्या. मला वाटलं, आता ते तिला परत खाली उतरवणार, पाच मिनिटं तरी बोल म्हणणार. मला वाटलं, म्हणावं. आणि वाटलं, म्हणू नये. तिच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, तो तिच्या धापेबरोबर वरखाली होत होता.

"झाला," ते म्हणाले.

"आँ? झाला? काय सांगता! केव्हा?"

"सहाले होता. झाला." मग जरा मोठ्यानं, सुमनताईंना ऐकू जाईल असं, "लय चांगला झाला. पाय ठेवाले जागा नव्हती. तुम्हाले उशीर झाला, बापा."

"हो," आतून सुमनताई म्हणाल्या. "लय लोकं होते."

किराणावाल्याच्या तोंडाचा आ तसाच राहिला. त्यानं सभागृहाकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग माझ्याकडे. सारं ले-आउट तर आत्ता आलं होतं. मग सहाला सभागृह भरलं कोणी? मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, आम्ही कोण मंग?" मी मान खाली घातली.

गुलाबराव तिच्या शेजारी बसले. हार घेऊन आलेला माणूस गोंधळून ऑटोमागे चार पावलं धावला आणि थांबला. पुढे वळणावर गतिरोधक आहे, तिथे ऑटो हळू झाला. मागच्या प्लास्टिकच्या खिडकीतून दोन डोकी दिसत होती. तिनं तोंड त्यांच्या कानापाशी नेलं आणि काहीतरी सांगितलं. बरंच सांगितलं, श्वास घेत घेत; मला सांगू नको म्हणाली होती तेच असावं. ते मोठ्यानं हसले, इतक्या लांबून मला ऐकू आलं. आणि मग त्यांनी गळ्यातला दुपट्टा ओढून दोन्ही हातांनी तोंडावर धरला.